चार बांधांवरची हाळी

१

दुपारची जेवणं उरकली की शेळगावच्या स्टँडवर आरिफच्या दुकानात हसायची वेळ व्हायची. दुकान फ्लेक्स छापायचं आणि झेरॉक्सचं. वाढदिवस असो नाहीतर दहावा, गावातला प्रत्येक माणूस एकदा तरी त्या मशिनीतून आडवा होऊन बाहेर पडलेला. उन्हाचं गिऱ्हाईक नसायचं. मग आरिफची धाकटी बहीण सबिना लॅपटॉप उघडायची आणि इंटरनेटवर सापडलेल्या गमती सगळ्यांना दाखवायची.

सबिना नेदरलँड्सला नकाशे करायला शिकून आली होती. तिकडंच राहा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, तरी परत आली. इथल्या वाड्यावस्त्या कुठल्याच नकाशावर नाहीत, म्हणून अँब्युलन्स बांधाबांधानं फिरत बसते आणि आतला माणूस मरून जातो, हे तिला सहन होत नव्हतं. बारामतीत एका संस्थेत तिनं नोकरी धरली होती. उरलेल्या वेळात ती आपल्या तालुक्याचा नकाशा भरत बसायची.

त्या दिवशीची गंमत अशी. मागच्या हिवाळ्यात टपावर कॅमेऱ्याचा गोळा लावलेली एक गाडी या भागात फिरून गेली होती. तिनं काढलेले रस्त्यांचे फोटो आता ऑनलाइन नकाशावर आले होते. बाण दाबत गेलं की आपणच त्या रस्त्यानं चाललोय असं वाटायचं. माणसांची ओळख उघडी पडू नये म्हणून त्यातला प्रत्येक चेहरा संगणक आपोआप पुसट करतो. पण चेहरा कशाला म्हणावं, याची त्याला धड अक्कल नव्हती. बारामतीच्या तीन हत्ती चौकात त्यानं हत्तींची तोंडं पुसली होती. कन्हेरीच्या एका रानात बुजगावण्याचं मडकं पुसलं होतं.

"आन् ह्यो कोण म्हनायचा?" दत्तोबातात्यांनी चष्मा वर सरकवला.

"तुम्हीच की, तात्या. म्हशीला पाणी पाजताय."

"आरं, म्हशीचं बी थोबाड पुसलंय! म्हंजे आमची दोगांची अब्रू सारकीच म्हना."

दुकान हसलं. तात्या सगळ्यांत मोठ्यानं हसले. गावातली सगळ्यात मोठी बागायत त्यांची. सबिना परदेशी निघाली तेव्हा पेढ्यांचा पहिला पुडा त्यांनीच आणला होता.

हसता हसताच सबिनानं कालव्याच्या रस्त्यावरचा बाण दाबला. मग तिचं बोट तिथंच राहिलं.

२

रस्त्याच्या कडेला तात्यांचा ऊस उभा होता, आणि उसाच्या तोंडाशी मुकी उभी होती. हातात विळा, डोक्यावर पोत्याची खोळ. तिचा चेहरा पुसट नव्हता. कपाळावरच्या आठ्या, फुटलेला ओठ, डोळ्यांतली लाली, सगळं लख्ख. ती थेट कॅमेऱ्याकडं बघत होती.

"मुकी!" सबिना खुर्चीतून उठलीच. "भाई, ही बघ मुकी!"

गावी आल्यापासून ती मुकीची चौकशी करत होती. मुकी म्हणजे ऐकू न येणारी, बोलता न येणारी एक बाई. कुठून आली कुणाला माहीत नव्हतं. बांधावरचं गवत कापून ती लोकांच्या गोठ्यात टाकायची आणि दारोदार भाकरी खायची. लहानपणी सबिनाला पाठीवर बसवून तिनं अख्खं शिवार हिंडवलं होतं. तिला शब्द नव्हते, पण खुणा होत्या. तात्यांची खूण म्हणजे मिशीला पीळ. सबिनाच्या अब्बांची, ट्रॅक्टरचं चाक फिरवल्यासारखे दोन हात. सबिनाच्या हनुवटीवर तीळ आहे. म्हणून मुकी एक बोट त्या तिळावर टेकवायची, की झालं सबिनाचं नाव. तिनं अख्ख्या गावाला एकेक नाव दिलं होतं. गावानं तिला एक दिलं नव्हतं.

ती कुठंय विचारलं की सगळे म्हणायचे, "गेली असंल कुठंतरी." शेळी विकली तरी तिची लोक यापेक्षा जास्त आठवण काढतात.

आरिफ लॅपटॉपवर वाकला. "कुठाय?"

"ही काय! उसापाशी."

"ऊसच हाय की गं."

"भाई, डोळे आहेत ना? ही, विळा घेऊन."

आरिफनं तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी स्क्रीनकडं पाहिलं, फार वेळ नाही. "ऊस बेस आलाय," ते म्हणाले आणि चप्पल पायात सरकवून निघून गेले. दुकान रिकामं झालं. आरिफ उगाचच मशिनीवरची धूळ पुसत राहिला.

३

सबिनानं स्वतःची समजूत घातली. संगणकाला सावलीतला चेहरा ओळखता येत नाही, खोळीची सावली पडली असेल, म्हणून पुसट झाला नाही. आरिफच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप आली असेल. प्रत्येक गोष्टीला कारण असतं. घरी आपल्या खोलीत दार लावून ती पुन्हा त्या रस्त्याला लागली.

पुढचा बाण. मुकी उसात शिरलेली, वाळक्या पानांच्या पाचटातून मान वळवून कॅमेऱ्याकडं बघणारी.

पुढचा. आता ती आणखी आत होती. उसाच्या दोन ओळींमधून फक्त चेहरा दिसत होता, आणि तोही तितकाच लख्ख.

पुढचा बाण दाबल्यावर सबिनाला आधी काही कळलंच नाही. बांधावर माणसं उभी होती. तोंडाभोवती दोन्ही हातांचा पोंगा केलेला, छात्या पुढं काढलेल्या. सगळ्यांचे चेहरे धुक्यासारखे पुसट. एकाच्या हातात टेंभा होता. रस्त्यावर रिकाम्या ट्रॉलीचा लाल ट्रॅक्टर. ट्रॅक्टर अब्बांचा होता.

ती माणसं हाळी देत होती. इकडं तोडणी लवकर उरकावी म्हणून उभ्या उसाला आग लावून पाचट जाळून टाकतात. काडी लावण्याआधी चारी बांधांवर माणसं उभी राहतात आणि आत कुणी गवताला, लाकडाला गेलेलं असेल तर बाहेर यावं म्हणून ओरडतात. आतून ओ आली नाही, की मगच पेटवतात. बापजाद्यांपासूनची रीत आहे. आपल्या गावात माणुसकी आहे हे सांगताना लोक अभिमानानं तिचा दाखला देतात.

सबिना त्या पुसट तोंडांकडं बघत राहिली. सगळी ओरडत होती. फोटोत आवाज नव्हता. मुकीला जितकं ऐकू गेलं असेल तितकंच तिलाही ऐकू येत होतं.

४

तात्या गोठ्यात होते. सबिना रागानं तिथं जाऊन उभी राहिली.

"मागच्या जानेवारीत कालव्याकडचा ऊस पेटवला, तेव्हा हाळी दिली होती?"

"दिली की," तात्या म्हणाले. "चारी बांदांवर दिली. आमी काय कसाई हाय का?"

"तिला ऐकू येत नव्हतं, तात्या!"

"कुनाला?"

त्यांच्या आवाजात खोट शोधायचा तिनं खूप प्रयत्न केला. सापडली नाही. मोकळा, साधा प्रश्न होता तो. म्हैस रवंथ करत होती.

"मुकीला!"

"कोन मुकी गं?" ते म्हणाले आणि मायेनं पुढं म्हणाले, "लई शिकलीस, पोरी. जरा आराम कर."

चौकीतला हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं कागद पुढं ओढला. "नाव?" सबिनाला सांगता आलं नाही. "वय? गाव? कुणाची कोण?" मग त्यानं पेन खाली ठेवलं. "ताई, अशी बाई होती एवढं सांगणारा गावातला एक तरी माणूस आणा. एक पुरे. नाहीतर पुरावा आणा. मी लिहून घेतो."

एक माणूस. सबिना सगळ्यात आधी घरीच गेली.

मेहबूबबी, तिची अम्मी, चुलीपुढं बसली होती. मागच्या दाराबाहेर खिळ्याला जर्मलची एक चेपलेली ताटली टांगलेली होती. तीच मुकीची ताटली. वर्षानुवर्षं अम्मीच तिच्यात भाकरी-कालवण वाढून पायरीवर ठेवायची.

"अम्मी, ही ताटली कुणाची?"

"मांजराची."

"आपल्याकडं मांजर कधी होतं?"

अम्मीनं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपलेली होती. अम्मीची भाकरी कधी करपत नसे.

"अब्बा, तुम्ही होता तिथं. ट्रॅक्टर आहे फोटोत. ट्रॉल्या तुम्हीच भरून नेल्या कारखान्याला. उसाखाली काय होतं, अब्बा?"

बादशाहभाईंनी, तिच्या अब्बांनी, भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेला आणि तिथंच धरला. "राख व्हती," ते म्हणाले. "उसाखाली राखच असती." हात न धुताच ते उठून गेले.

५

त्यानंतर सबिनाला मुकी सगळीकडं दिसायला लागली.

कामासाठी कोऱ्हाळे बुद्रुकचे रस्ते तपासताना एका किराणा दुकानाच्या फळीवर दिसली. ओळीनं बसलेली पुसट तोंडाची माणसं आणि कडेला ही. कन्हेरीच्या त्या बुजगावण्यामागं होती. तीन हत्ती चौकात, पुसलेल्या हत्तींच्या सावलीत होती. ते फोटो उसाला आग लागल्यानंतरचे होते. कोपऱ्यात महिना छापलेला होता. सबिनानं तो पुन्हा पुन्हा वाचला. मग स्वतःला म्हणाली, दुसरी बाई असेल. खोळ घेतलेल्या, विळा धरलेल्या बाया या जिल्ह्यात काय कमी आहेत?

पण प्रत्येक फोटोत ती थोडी जवळ आलेली असायची. आणि चौकातल्या फोटोत तिनं हात वर केला होता. एक बोट हनुवटीवर टेकवलेलं.

सबिनानं लॅपटॉप मिटला. ऑफिसमध्ये पंखा फिरत होता, शेजारच्या टेबलावर कुणीतरी मोबाइलमधल्या माकडाच्या व्हिडिओवर खिदळत होतं. तिला वाटलं ओरडावं: हसताय काय? एक बाई जाळली, आणि तुम्ही हसताय काय?

ती खरंच ओरडली होती. कुणी मान वर केली नाही.

६

तिनं फ्लेक्स छापायचा ठरवला.

आरिफ आधी नाही म्हणाला, मग मशीन चालू करून बाहेर जाऊन उभा राहिला. फ्लेक्स इंचाइंचानं बाहेर आला. आधी आभाळ, मग उसाचे तुरे, मग खोळ, मग ते डोळे. मशिनीची घरघर त्या छोट्या खोलीत एकाएकी फार मोठी वाटायला लागली. खाली सबिनानं ठळक अक्षरांत लिहिलं होतं: हिला ओळखता का? वाढदिवसांच्या फ्लेक्सांच्या गर्दीत, स्टँडवर, सगळ्यांच्या नजरेसमोर तिनं तो स्वतः बांधला. शाईचा वास हाताला तसाच होता.

लोक जमले. माना वर करून बघायला लागले.

"ऊस झ्याक हाय," एकजण म्हणाला.

"कुटल्या बियान्याची जाहिरात म्हनायची ही? शहाऐंशी बत्तीस का?"

"सबिनाताई, एजन्सी घेतली का काय तुमी? आमाला बी द्या की रोपं!"

हशा पिकला. विनोद वाईट नव्हता. दुसऱ्या कुठल्या दिवशी तीही हसली असती.

"खाली काय लिहिलंय वाचा!" ती किंचाळली. "वाचता येतं ना? ही बाई तुमच्या दारात जेवली! तुमच्या म्हशींना हिनं चारा घातला! आणि तुम्ही..."

"फ्लेक्सला दोरी नीट बांधली न्हाय ओ, वाऱ्यानं जाईल," कुणीतरी तिच्या डोक्यावरून पलीकडच्याशी बोललं.

तेवढ्यात दत्तोबातात्या आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी मान वर केली, आणि सबिना फ्लेक्सकडं न बघता त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांचा हात नकळत मिशीपाशी गेला. बोटांनी मिशीला पीळ दिला, आणि मग विंचू चावावा तसा तो हात झटकन खाली आला.

"उतरव त्ये," तात्या हळू आवाजात म्हणाले.

"का? ऊसच आहे ना नुसता?"

"उतरव म्हनतो."

"तुम्हाला दिसतेय ती! सगळ्यांना दिसतेय!"

तात्यांनी नजर वळवली. आता ते सबिनाकडं बघत होते, पण डोळे तिच्यावर ठरत नव्हते. तिच्या मागं काहीतरी शोधावं तसे हलत होते. "आरिफ," ते म्हणाले, "हितं कोण बोललं आत्ता?"

आरिफनं मान खाली घातली. "कोन न्हाय, तात्या," तो म्हणाला.

७

रुसले असतील, असं तिनं धरलं. गाव असाच बहिष्कार टाकतं. नवीन काय त्यात? रागावलेल्या माणसाला धीर द्यायला एवढं कारण पुरतं.

घरात ती बोलली की अम्मी रेडिओ मोठा करायची. ती अंगणात उभी असताना अब्बांनी ट्रॅक्टर सुरू केला आणि सरळ पुढं घेतला. तिनं उडी मारली म्हणून वाचली. अब्बांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं.

एका सकाळी नकाशावर गावाचे नवे फोटो आलेले दिसले. तिनं आपलं घर उघडलं. ओट्यावर अम्मी तांदूळ निवडतेय, चेहरा पुसट. आरिफ गाडी पुसतोय, चेहरा पुसट. पायरीवर ती स्वतः बसलेली. हनुवटीवरचा तीळसुद्धा लख्ख दिसत होता.

लॅपटॉप घेऊन ती आरिफसमोर जाऊन उभी राहिली. "भाई, यात कोण कोण दिसतंय? एवढं सांग, मग परत काही विचारणार नाही."

आरिफनं स्क्रीनकडं पाहिलं. "घर हाय आपलं," तो म्हणाला. स्वतःशी बोलावं तसं. "अम्मी हाय. मी हाय."

"आणि पायरीवर?"

"पायरी रिकामी हाय," आरिफ म्हणाला आणि रडायला लागला. का रडतोय ते त्यालाही माहीत नसावं.

त्या दुपारी जेवायला तिचं ताट मांडलेलं नव्हतं. सबिना मागच्या दाराशी गेली. पायरीवर जर्मलची ताटली होती. अर्धी भाकरी, वर कालवण. अम्मी पाठ करून उभी होती, पदर तोंडात कोंबून.

"कुणासाठी वाढलंस, अम्मी?"

"मांजराला," अम्मी भिंतीला म्हणाली.

८

साक्षीदार मिळणार नव्हता. मग पुरावा. विळ्याची मूठ जळते, लोखंड जळत नाही. मुकीचा चेहरा शेवटचा कुठं दिसला, ती जागा सबिनाला हातभरसुद्धा न चुकता सांगता आली असती. तेच तर ती शिकून आली होती. त्याच उसाच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा आता उभा होता, पुरुषभर उंच. तोडणी तोंडावर आली होती.

निघताना ती ओट्यावर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "मी तात्यांच्या उसात चाललेय. कालव्याकडच्या. ऐकलंत सगळ्यांनी?"

रेडिओ वाजत होता.

उसात शिरल्यावर बाहेरचं ऊन संपलं. पाती गालांना, हातांना कापत होती. पाचट पायाखाली इतकं वाजत होतं, की थांबल्यावरही ते क्षणभर वाजत राहतंय असं वाटायचं. हा आपल्याच पावलांचा भास, ती मनात म्हणाली. मोबाइलवर ठिपका जुळला तिथं ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागली. मातीत अजून जुनी राख होती. नखांत काळी पूड भरली. मग काहीतरी टणक लागलं. वाकडं, गंजलेलं, मूठ नसलेलं.

तिनं विळा छातीशी धरला. आता लिहा म्हणावं. आता लिहा!

"हाय का कोण आतऽऽऽ?"

हाळी कालव्याच्या बांधावरून आली.

"आहे!" ती ओरडली. "थांबा! मी आहे आत!"

"हाय का कोण आतऽऽऽ?" दुसऱ्या बांधावरून आरिफचा आवाज. रडून बसलेला.

"भाई! मी सबिना! भाई, थांब!"

तिसरी हाळी अब्बांची. लहानपणी तिला शाळेतून आणताना फाटकाशी उभे राहून हाक मारायचे, तोच खर्जातला लांबवलेला आवाज. ती त्या आवाजाच्या दिशेनं धावली, पाचटात अडखळून पडली, पडल्या पडल्या घसा फाटेपर्यंत ओरडली. आवाज फुटत होता. तिच्याच कानांत दडे बसत होते. बांध काही फार लांब नव्हता.

चौथी हाळी तात्यांची. मग रीतीप्रमाणे सगळे गप्प राहिले; आतून ओ येतेय का ते ऐकायला.

त्या शांततेत सबिनानं एकेकाला नावानं हाका मारल्या, शिव्या दिल्या, तिला येत होत्या त्या सगळ्या भाषांतून. उसावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. चिमण्यांना ऐकू गेलं होतं.

"न्हाय कोण," तात्या म्हणाले. "लावा."

पाचट पेटतं तेव्हा आधी पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येतो. तो चारी बाजूंनी आला. सबिना विळा धरून ओरडतच राहिली.

मागं पाचट वाजलं. या वेळी ती स्वतः हलली नव्हती. तिच्या खांद्यावरून एक हात पुढं आला, चिरा पडलेला, गवताचा वास असलेला, आणि त्याचं एक बोट तिच्या हनुवटीवरच्या तिळावर अलगद टेकलं.

अख्ख्या शिवारात त्या वेळी तिला नावानं हाक मारणारं तेवढंच एक माणूस होतं.